पालीची नवी कॉलनी

आमच्या ऑफिसात उपग्रहाने रडारवर काढलेली चित्रं येत. रडारला ढगांची अडचण नसते, त्यामुळे भर पावसातही जमीन दिसते, फक्त सगळं काळं-पांढरं. शांत पाणी काळं, इमारती पांढऱ्याफटक. त्यावरून कॉम्प्युटर जमिनीची वाटणी करायचा: पाणी निळं, तिवरं हिरवी, घरं लाल. आधीच्या चित्रात नव्हतं असं काही उगवलं की ते हुडकून काढायचं, हे माझं काम.

त्या जुलैत पालीच्या किनाऱ्यावर लाल पट्टा उगवला. मे महिन्यात तिथे नुसती वाळू होती. दुसऱ्या कुणी शंका घेतली असती, पण मी पडलो तिथून जवळच्याच नवघरचा. आमच्याकडे गणपतीला गावी जाऊन परत येईपर्यंत समोरच्या बिल्डिंगचे दोन माळे चढलेले असत. पावसापाण्यात कॉलनी उभी राहिली, यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

साहेब म्हणाले, "तू तिकडचाच ना? रविवारी बघून ये, मग रिपोर्टमध्ये टाक."

घरी हे बोललो आणि फसलो. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीला इतकी खेटून होती, की दिवसाही दिवा लावावा लागे. रत्नागिरीकडे खाडीकाठी वाढलेल्या आईला त्या भिंतीचा मनापासून तिटकारा होता. पाणी दिसेल अशी एक खिडकी, एवढंच तिचं मागणं.

"समुद्रावर कॉलनी होतेय आणि तू एकटाच बघून येणार? मी पण येतेय."

तिने ठेवणीतली साडी नेसली आणि पिशवीत नारळ घेतला, खोली पसंत पडली तर तिथल्या तिथे फोडायला. बसमध्ये देवघर कुठल्या भिंतीला येणार तेही ठरवून झालं.

पालीला उतरलो. किनाऱ्यावर ओळीने बोटी ओढून ठेवलेल्या, वरून प्लास्टिकने शाकारलेल्या. बाकी काही नाही. आईने एका कोळणीला गाठलं. "नवी कॉलनी कुठेशी आली हो?"

"कॉलनी? हितं न्हाय बाय. पावसात बोटी वर घेतात, त्याच हाय ह्या. नारळी पुनवेला परत पाण्यात."

म्हणजे हाच माझा लाल पट्टा. रडारची लाट बोटींच्या उभ्या अंगावर आपटून, भिंतीवरून येते तशीच जोरात परत आली होती.

आई माझ्याकडे वळली. "रत्नागिरीच्या आईचा ना रे तू? आणि पावसात बोटी कुठे असतात ते तुला उपग्रहाला विचारावं लागतंय?"

मला हसू आवरेना. मग तिचा चेहरा बघितला आणि फार वाईट वाटलं.

"चल आई. इथे घर नाहीये."

"कळलं मला."

तिने पिशवीतला नारळ काढून कोळणीच्या हातात दिला. "पुनवेला माझ्या नावाने दर्याला द्या." मग दोन बोटींच्या मधल्या फटीसमोर, ओल्या ओंडक्यावर ती ठेवणीतल्या साडीसकट बसली. फटीतून समुद्र दिसत होता.

बस चुकेल म्हणून मी घाई करायला लागलो.

"थांब जरा," ती पदर सावरत म्हणाली. "पुनवेपर्यंत आहे ना ही खिडकी."