रक्त फिरवणारे त्र्यंबकराव

त्र्यंबकरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना भूकंप समजलो. एकोणीसशे बावन्न साल. कल्याणात नवीच खोली घेतलेली. पहाटे फळीवरचे डबे नाचू लागले, भिंतीवरचा आरसा माझ्यासकट हलला आणि दारातली मांजर थेट मुरबाडच्या रस्त्याला लागली. शेजारी धावलो, तर लंगोटातला एक पहाड बैठका मारत होता.

"घाबरू नका," पहाड म्हणाला. "रक्त फिरवतोय."

"फिरवा हो," आतून त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी म्हणाल्या, "पण शेजाऱ्यांचं दूध सांडेल."

त्र्यंबकराव मालगाडीचे गार्ड. इगतपुरीपर्यंत हिरवा झेंडा दाखवत जायचं, हे त्यांच्या मते दिल्लीच्या कारभाराहून मोठं काम. पण रेल्वेच्या डॉक्टरांना त्यांचं ब्लडप्रेशर चढलेलं आढळलं होतं. महिन्याने पुन्हा तपासणी. तेव्हाही उतरलं नाही तर गाडी सुटणार आणि पार्सल ऑफिसातली खुर्ची मिळणार. "रोज व्यायाम करा, मीठ कमी करा," डॉक्टर म्हणाले होते.

महिनाभर त्यांनी अळणी आमटी गिळली, दुर्गाडी किल्ल्यापर्यंत पायपीट केली, माझे डबे पाडले. प्रकृती खरोखर सुधारली. जिने चढताना पूर्वी इंजिनासारखे फुसफुसत, ते आता गप्पा मारत चढू लागले.

तपासणीला मी सोबत गेलो. दवाखान्याच्या ओट्यावर त्यांनी कोट माझ्या हातात दिला आणि सूर्यनमस्कार सुरू केले.

"अहो, आता कशाला?"

"परीक्षेआधी एकदा पुस्तकावर नजर टाकतात ना? काठावर पास व्हायला नको."

ते आत गेले तेव्हा त्यांच्या अंगावरून घामाचे ओहोळ वाहत होते. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला आणि पारा चढला तो उतरायचं नाव घेईना.

"काय करून आलात?"

"आपण सांगितलेला व्यायाम. वर थोडा जास्तच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "व्यायाम चालू असताना हृदय जोरात रक्त ढकलतं, दाब वाढतोच. नेमाने केला की एरवीचा दाब उतरतो. जरा शांत बसा, पुन्हा पाहू."

त्र्यंबकराव शांत बसले. त्यांच्या परीने. डोळे मिटून त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. आधी कान लाल झाले, मग टक्कल. डॉक्टर पट्टा घेऊन आले तेव्हा गडी टोमॅटो झाला होता.

"हे काय?"

"कुंभक," त्र्यंबकराव फुस्सकन म्हणाले.

पारा आणखी वर गेला. डॉक्टरांनी अनफिट लिहिलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

"बरं झालं, घरी जेवायला तरी याल," सुमतीवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी आमटीत मीठ न घालता पान वाढलं.

तीन महिन्यांनी दाब अगदी बरोबर भरला. तोवर त्यांच्या गाडीवर दुसरा गार्ड नेमला गेला होता. त्र्यंबकराव पुढे पार्सल ऑफिसातूनच रिटायर झाले.