पडद्यामागचे दिवे

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुलांनो, सिनेमाच्या चोरीत पोलिसांचं काय काम, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला होता. वाळूजला कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते. मी शहरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. सकाळी मोर्चाचा बंदोबस्त, दुपारी संपाचा. अशात खबऱ्याने बातमी आणली: शहरात नुकताच लागलेला सिनेमा लासूर स्टेशनच्या व्हिडिओ सेंटरमध्ये कॅसेटवर चालतोय. छापा घालून कॅसेट जप्त केली. चित्रात पडद्याच्या कोपऱ्यातलं ठिगळ दिसत होतं. तसा पडदा एकाच टॉकीजचा होता.

टॉकीजच्या मालकाने मी विचारण्याआधीच संशयित सांगितला. "आमचा डोअरकीपर. कॅमेरेवाल्याला तोच आत सोडतो."

"पुरावा?"

"मॅडम, नामांतराच्या मोर्चात घोषणा देतो तो. या लोकांचा पुरावा काय मागता?"

संताप गिळून मी जबाब लिहून घेतला. वरिष्ठ म्हणाले, "उचला त्याला." डोअरकीपरला चौकशीला बोलावलं.

"मोर्चात व्हतो बाई, लपवत नाय. पण क्यामेरा म्या फकस्त लग्नात पाह्यला, तो बी लांबून. नोकरी गेली तर पोरीचं नर्सिंग सुटंल."

मी अटक केली नाही. वरिष्ठांकडून पुढचा सिनेमा लागेपर्यंत मुदत मागून घेतली.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यातले इंजिनिअर ओळखीचे होते. त्यांनी समजावलं, "टीव्हीच्या रिमोटमधून निघणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण व्हिडिओ कॅमेऱ्याला दिसतो. आवाज बाहेर यावा म्हणून सिनेमाच्या पडद्याला बारीक भोकं असतात. मागे तसे दिवे लावले, तर प्रेक्षकाला काही कळणार नाही. कॅमेऱ्यात मात्र पांढरे डाग उमटतील."

टॉकीज बंद असताना त्यांनी दिवे बसवले आणि कॅमेऱ्याने तपासले. सगळं चित्र देवी आल्यासारखं डागाळलं. बटण मालकाच्या केबिनमध्ये ठेवावं लागलं. म्हणजे ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज फक्त मालकाला ठाऊक होती.

नवा सिनेमा लागला आणि त्याचीही कॅसेट बाजारात आली. ठाण्यात लावून पाहिली. कोपऱ्यात तेच ठिगळ, पण एकही डाग नाही! वरिष्ठ हसले, "बाई, तुमचं विज्ञान फसलं."

मी इंजिनिअरांना घेऊन टॉकीज गाठलं. दिवे ठणठणीत होते. मग चित्रीकरणाच्या वेळी ते कुणीतरी बंद केले होते. डोअरकीपरने आणलेल्या माणसाला दिव्यांची गंधवार्ताही नसती. त्याच्या कॅसेटवर डाग पडलेच असते. मालकाला ठाण्यात बसवलं.

"लाइट गेली असेल, मॅडम."

"मग सिनेमा कशावर चालला? कंदिलावर?"

शेवटी कबुली आली: मेहुणा बाल्कनीतून चित्रीकरण करायचा, कॅसेटच्या कमाईत दोघांची भागी. वितरकाचा संशय वाढला, तेव्हा पुढे करायला माणूस हवा होता. मोर्चात जाणारा सोयीचा वाटला.

आरोपपत्र दाखल केलं. पुराव्याऐवजी जो माणसाची जात पुढे करतो, त्याचीच चौकशी आधी करायची, हे मी त्या प्रकरणात शिकले आणि निवृत्तीपर्यंत पाळलं.

पण राग शिकून जात नाही. मालक जामिनावर सुटून पुन्हा केबिनमध्ये बसला. डोअरकीपर कामावर गेला, तेव्हा त्याच मालकाने त्याला फाटकावरून परत पाठवलं: "पोलीस ठाण्यात जाऊन आलेला माणूस आम्हाला नको."