गडबच्या गाळ्यातले सहा उकुलेले

माझा भाऊ बोटीवर नोकरीला होता. नव्वदीच्या सुरुवातीला सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी उकुलेले आणला. दिसायला गिटारच, पण तान्ह्या मुलासारखा कुशीत मावणारा, नायलॉनच्या चार तारांचा. स्वतःला येत होतं तेवढं त्याने महिनाभरात शिकवलं आणि तो परत गेला. पुढे तीन वर्षं, दुपारी भांडी आवरली की मी पेणच्या आमच्या खोलीत दार लोटून वाजवत बसायचे. तो एक तास माझा असायचा.

मग दुकान काढायचं डोक्यात आलं. हे रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचे. म्हणाले, "काढ. पण माणसांना काय पायजे ते आधी बघ." मी बघितलं नाही. पेणजवळ गडब गावात हायवेलगत गाळा घेतला, टाळ, ढोलक्या, बासऱ्या ठेवल्या आणि मुंबईहून सहा उकुलेले आणून समोरच्या भिंतीला टांगले.

गिऱ्हाइकं टाळ वाजवून बघायची. लग्नात वाजवणारी बेंजोवाली मुलं कीबोर्ड विचारायची. गणपती घडवणाऱ्या जोहे गावातल्या एका मूर्तिकाराने मात्र दोन उकुलेले घेतले. तारा कशा जुळवायच्या ते मी दाखवायला लागले तर म्हणाला, "ताई, वाजवायचे नाय. मंडळाला गिटारवाला गणपती पायजे. सोनेरी रंग मारनार." त्या वर्षी ते मूर्तीबरोबर पाण्यात गेले. उरलेल्यांपैकी दोनांच्या सांध्यांचा डिंक खाडीच्या दमट हवेने सुटला.

त्याच हिवाळ्यात ती आली. साठीची, मिठागरात राबून हाताला भेगा पडलेली. एसटीला वेळ होता म्हणून सावलीला बसली. मी वाजवत होते. थोड्या वेळाने म्हणाली, "मी धवलारीन हाय गो बाय. लग्नात धवल्यांची गानी म्हनते. आता गला बसलाय. ह्याच्यावर धवला वाजल?"

"वाजेल की," मी म्हटलं. हे मी फार पटकन म्हटलं.

दर मंगळवारी ती येऊ लागली. घोगऱ्या आवाजात ओळ म्हणायची, मी सूर शोधायचे, मग तिची बोटं तारांवर बसवायचे. राठ पडलेल्या बोटांना तार कळत नसे. तरी होळीपर्यंत दोन ओळी ओळखू येण्याइतक्या बसल्या. मला वाटायला लागलं की हे दुकान ह्याच्यासाठीच काढलं असावं.

वैशाखात तिच्या गावात हळद होती. तिने मला मुद्दाम बोलावलं. बेंजो दणाणत होता. घरच्या पुरुषांनी तो थांबवला आणि मांडवात सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने मी नेलेला उकुलेले मांडीवर घेतला. पहिली ओळ कशीबशी आली. दुसरीत बोटं चुकली. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मागून कुणीतरी हसलं. नवरीची आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "ऱ्हाव दे, काकी. बेंजोची पोरं खोलंबल्यान."

तिने वाद्य चटईवर ठेवलं आणि तोंडाने म्हणायला गेली. आवाज फुटला नाही. बेंजो परत सुरू झाला.

निघताना मी म्हटलं, "तुमच्याकडेच ठेवा हा."

"नको. तू सांगलास वाजल, म्हनून मी आले सगल्यांपुढं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. मी उकुलेले उचलला.

मंगळवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. पावसाच्या आधी मी गाळा सोडला. टाळ-ढोलक्या एका दुकानदाराने नेल्या, उकुलेले त्याने हातातही घेतले नाहीत. घरी वाजवणं मी ठरवून सोडलं नाही, पण हात जाईना.

वर्षभराने पेणच्या बाजारात ती दिसली. वाल निवडत होती. मला बघून म्हणाली, "बरी हाय ना गो?" मी हो म्हटलं आणि तिच्या शेजारी उभी राहून वाल घेतले.