गुलाबी कार्डं
काल ट्रंकेत भोकं पाडलेल्या गुलाबी पंचकार्डांचा गठ्ठा सापडला आणि त्या जुन्या पुठ्ठ्याच्या वासाने सत्तरच्या दशकातली माझी सांगलीची खोली समोर उभी राहिली. कॉलेजात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारा मी एकटाच, एकेक ओळ एकेका कार्डावर. ते चालवणारं यंत्र पुण्यात, म्हणून कार्डांचे गठ्ठे एसटीने जायचे. माझे सगळे प्रोग्राम गावच्या एका दोस्ताने मुंबईत लिहिलेल्या मूळ प्रोग्रामवर बेतलेले होते. त्याने त्यात काही बदललं की नवी कार्डं गुलाबी रंगाची यायची, सोबत चार ओळींचं पत्र. मग माझ्या प्रत्येक गठ्ठ्यातली त्याची जुनी कार्डं काढून ही घालायची आणि सगळं पुन्हा पुण्याला धाडायचं. लय कंटाळवाणं काम, पण मला पत्र यायचं ते तेवढंच. एका उन्हाळ्यात तीन महिने काहीच आलं नाही. शेवटी मी त्याला खोटंच कळवलं, की तुझ्या प्रोग्रामात चूक आहे. आठवड्याने उत्तर आलं, ‘चार दिस शोधली, चूक काय घावली न्हाई गड्या. तू बरा हाईस न्हवं?’ आता मूळ प्रोग्राम बदलला की त्यावर बेतलेले बाकीचे प्रोग्राम यंत्रच आपोआप नव्याने तयार करतं, कुणी कुणाला कळवायला लागत नाही. त्या पत्राला उत्तर द्यायची मात्र मला तेव्हा लाज वाटली, आणि ते राहूनच गेलं.