मनोरीच्या ओल्या वाळूत

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. आधी डावा डोळा धूसर झाला आणि आपोआप सुधारला. मग काही महिन्यांनी बोरीवलीच्या भाजीबाजारात डावं पाऊलच उचलेना. एमआरआय झाला, सलाईनमधून स्टेरॉइड झालं. डॉक्टर म्हणाले, "मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा हा आजार पूर्ण बरा होणारा नाही. पण नवे अटॅक कमी करणारी औषधं आहेत, ती लगेच सुरू करू."

रिक्षात मी नवऱ्याला विचारलं, "म्हणजे आता डोंगर बंद?"

आमचं लग्न एका गडाच्या वाटेवर ठरलं होतं.

मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्यासारख्यांची दर महिन्याला बैठक असते, हे डॉक्टरांकडच्या नर्सने सांगितलं. मला जायचं नव्हतं. व्हीलचेअर बघायची भीती वाटत होती. नवऱ्याने जबरदस्तीने नेलं, आणि दारातच पहिली भेटली ती व्हीलचेअर. तिच्यात साठीच्या एक बाई, मूळच्या वेंगुर्ल्याच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत.

माझा चेहरा बघून मावशी म्हणाली, "घाबरतंस कित्याक गो? ही खुर्ची माझी आसा, तुझी नाय. हरेकाचो आजार येगळो."

मग तिने मला शेजारी बसवून घेतलं. इंजेक्शन टोचायच्या आधी फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेव, दर वेळी जागा बदल. उन्हात पाय जड झाले तर मानेवर ओला पंचा घेऊन गप पड. गार होऊनही दुसऱ्या दिवशी तसंच असेल तर डॉक्टरला फोन कर. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने औषध थांबवू नकोस. शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "लघवीची घाई होता?"

हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणाले आणि रडायलाच लागले.

पुढच्या एका बैठकीत चहा पिताना मी सहज विचारलं, "मावशी, तुला सगळ्यात जास्त कशाची आठवण येते?"

"समुद्राची. बारा वर्सां झाली, पाय भिजूक नाय."

एवढ्यावरून आम्ही सहाजण जानेवारीतल्या एका सकाळी मार्वेच्या धक्क्यावर जमलो. फेरीबोटीवरच्या दोघांनी मावशीला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. पलीकडे मनोरीच्या वाळूत मात्र चाकं रुतली. मग नवऱ्याने शेजारच्या खानावळीतून प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली आणि तिला थेट पाण्याच्या कडेला बसवलं. मी डाव्या पायासाठी घेतलेली काठी टाकली आणि तिच्या बाजूला ओल्या वाळूत बसले.

लाट आली. माझ्या उजव्या पायाला कळली, डाव्याला अर्धवट. मावशी आपल्या भिजलेल्या पावलांकडे बघत होती.

"माका कायच कळना नाय," ती म्हणाली. "तू सांग गो, कसां लागता ता."

"थंड आहे. आता पाणी मागे जातंय. बोटांमधून वाळू ओढली जातेय, टाचेखालचीपण. गुदगुल्या होतायत."

तिने डोळे मिटले. "हां. अजून सांग."

ऊन तापायला लागून सगळे निघूया म्हणेपर्यंत मी एकेक लाट तिला सांगत होते.

त्याच वर्षी तिचा मुलगा तिला बडोद्याला घेऊन गेला. माझी इंजेक्शनं जाऊन आता गोळ्या आल्यात, तीन वर्षांत नवा अटॅक नाही, कॉलेजच्या लायब्ररीत अर्धा दिवस काम करते. मावशीचा आवाज हल्ली जड झालाय, म्हणून फोनवर मीच जास्त बोलते. दर डिसेंबरात विचारते, "येतेस ना गं जानेवारीत, मनोरीला?"

"बघूया," ती म्हणते.

तिचं 'बघूया' म्हणजे नाही, हे मला ठाऊक आहे. तरी नोव्हेंबर सरायला लागला, की माझं विचारायचं ठरलेलं असतं.