दोरा धरायला दोघं

हिंगण्याच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासाठी काचेची थंडगार खोली झाली. चालवायला आम्ही दोघं: मी कायम, आणि सक्करदऱ्याहून येणारी एक मुलगी, तात्पुरती. भर मे महिन्यात अख्ख्या कारखान्यात आम्ही दोघंच स्वेटर घालून बसायचो. पाळी सुटली की लोक काचेला नाक लावून आमच्याकडे बघून हसायचे.

काम होतं स्टोअरमधल्या मालाचा अहवाल छापण्याचं. कोणता आकडा कागदावर कितव्या ओळीत, कितव्या घरात पडेल, ते प्रोग्रॅममध्ये आपणच सांगायचं. पडद्यावर सारं सरळ वाटायचं. कागद मात्र टेबलावरून लोंबेल एवढा लांब, त्यावर नजर ठरायची नाही. तिनं पर्समधून शिवणाचा लाल दोरा काढला. एक टोक तिनं पहिल्या आकड्यावर धरायचं, दुसरं मी खाली बेरजेवर. सगळी दशांश टिंबं दोऱ्याखाली आली की रकाना सरळ.

दोरा ताणला की ती हसली तरी माझ्या बोटांना कळायचं. दिवसभर मी जमिनीवर नसायचोच.

आता सांगतोच. अहवाल लवकरच सरळ निघाला होता. मलाच ते सोसलं नाही. ती डबा खायला गेली की मी शिल्लक मालाचे आकडे सेहेचाळिसाव्या घरातून सत्तेचाळिसाव्यात सरकवायचो. बेरीज जागच्या जागी. की पुन्हा दोरा.

मग साहेबांनी सांगितलं, शनिवारी अहवाल सरळ दिसला तर मुलगी कायम, नाहीतर तिला सोमवारपासून सुट्टी. तिच्या घरी वडिलांनी एक स्थळ हेरून ठेवलं होतं. नोकरी पक्की झाली नाही तर लग्न. मुलगा बरा होता म्हणे, पण घरी म्हशीच म्हशी. "मले म्हशीचं भ्याव वाटते जी," असं ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की मला हसू आवरेना, आणि मग घामच फुटला. स्वेटरमध्ये.

शनिवारी सकाळी ती यायच्या आधी मी आकडे गुपचूप सेहेचाळीसवर आणले. मला काय माहीत, आदल्या संध्याकाळी मी चहाला गेलो असताना रकाना जुळावा म्हणून तिनं बेरीजच सत्तेचाळीसवर नेऊन ठेवली होती. छापून बघायच्या आतच वीज गेली, ती सकाळभर. वीज आली आणि साहेब खोलीत शिरले.

प्रिंटर करकरला. कागद निघाला. दोरा धरला. बेरीज एक घर बाहेर.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, दोघांनाही एकदमच कळलं, आणि साहेबांसमोर हसू फुटलं. साहेबांनी विचारलं, चूक कुणाची. मी मान खाली घालून दोरा गुंडाळू लागलो.

"माझी, सर," ती म्हणाली. "अर्धा तास द्या."

अर्ध्या तासाच्या आतच अहवाल सरळ निघाला. साहेबांनी स्वतः दोरा धरून पाहिला, त्यांना त्यात फार मजा वाटली, आणि ती कायम झाली. म्हशी वाचल्या.

परतीच्या कंपनी बसमध्ये ती शेजारी येऊन बसली. "सत्तेचाळीस काहून जी?"

मशीन तापत असेल, मी म्हणालो. त्या थंडगार खोलीत. पुढे आमचं लग्न झालं, मुलं झाली, तरी मशीन तापतच राहिलं.

परवा भाजी निवडताना तिनं पुन्हा विचारलं. या वेळी मी सांगून टाकलं, दोऱ्यासाठी.

"ते तं मले तवाच कळलं होतं. नाही तं दोऱ्याचं नवं रीळ कायले आणलं असतं मी?" ती बराच वेळ हसली, मीही. मग शेंगा मोडता मोडता म्हणाली, "पण साहेबासमोर तोंड काहून शिवलं होतं जी?"

घाबरलो होतो. बाकी काही कारण नव्हतं. हे मात्र मी तिला तोंडानं सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहिलं. आता कागद तिच्यापुढे ठेवतो.