सोमाच्या दारातला रांजण

ठाण्याच्या साप्ताहिकाला मी जव्हार संस्थानातून दर आठवड्याला पत्र पाठवत असे – पाऊस, दरबार, गुरांचे रोग. एक गोष्ट तेवढी कधीच लिहिली नाही. बायकोलाही सांगितली नाही. तुम्हाला का सांगतो आहे, कुणास ठाऊक.

राब भाजायचे दिवस होते. पेरणीआधी शेतात पाला, शेण पसरून जाळतात. ठिणगी वाऱ्यावर उडते, आणि गवती छपराचं, कारवीच्या कुडाचं घर – कितीसा वेळ टिकणार? म्हणून दवंडी फिरली होती. दारात भरलेला रांजण ठेवा, पेटलेलं गवत ओढून पाडायला लांब आकडी ठेवा, चुलीतला विस्तव झाका. लोक हे पाळतात का, ते पाहायला मी वांगणीच्या बाजूच्या एका पाड्यावर गेलो. तट्टावर बसून.

सोमाच्या घरी सगळं जागच्या जागी होतं. मी वहीत लिहिलं : ‘आकडी आहे. रांजण काठोकाठ.’ सोमा खाली राबावर गेला होता. त्याची बायको बुधी सांगत होती – झिरा आटलाय, तळाशी पाझरतं ते वाटीवाटीने भरावं लागतं, एवढा रांजण भरायला दोन दिवस गेले. मी ऐकत होतो. ऐकलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

मग मी तट्टू रांजणाकडे नेलं.

“दादा, तो आगीचा पानी हाय,” बुधी म्हणाली.

मी लगाम सैल सोडला. उंबऱ्याशी तिची सासू बसली होती, पायांनी अधू. ती म्हणाली, “पिऊ दे गं. आग लागली का त्याच घोड्याला मुताया सांगू!” मी मोठ्याने हसलो. बुधी हसली का? आठवत नाही – आठवतं. नाही हसली. तळाशी उरलेल्या पाण्याने मी पाय धुतले.

ती घागर घेऊन झिऱ्याकडे निघाली. मीही निघालो. टेकडी चढून मागे पाहिलं, तर धूर.

परत पोचलो तेव्हा सोमाने आकडीने अर्धं छप्पर ओढून पाडलं होतं. उरलेलं जळत होतं, आणि त्यावर टाकायला काही नव्हतं. म्हातारीला बाहेर काढलं, तेव्हा ती गेली होती. बुधी चढण चढून आली – डोक्यावर अर्धी घागर.

“रांजण कशाला रिकामा ठेवलास गं?” धूर पाहून लोकांबरोबर धावत आलेल्या पाटलाने विचारलं.

“या दादांचा घोडा पेला.”

सगळे माझ्याकडे वळले. पाटीलच ओशाळला. “रावसाहेब, खरं का हो?”

वही माझ्या कोटाच्या खिशात होती. ती उघडायची – एवढंच करायचं होतं ना? मी म्हणालो, “माझं तट्टू वाटेतल्या ओढ्यावर पाणी पिऊन आलं होतं.”

सोमाने बुधीकडे पाहिलं. दुसरी साक्ष देणारी म्हातारी अंगणात झाकून ठेवली होती. बुधीने डोक्यावरची घागर खाली ठेवली.

त्या आठवड्याच्या पत्रात मी लिहिलं : ‘दारातील रांजण रिकामा आढळला.’ छापून आलं, एकही शब्द न बदलता. बदलण्यासारखं होतं काय? शब्द न् शब्द खरा होता.

सोमाने तिला टाकली, असं पुढे कानावर आलं. कुणी टाकली – सोमाने?

काही वर्षांनी जव्हारच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर ती दिसली. डोक्यावर लाकडांची मोळी, वाट अरुंद. तिने मला ओळखलं. हाक मारली नाही, शिवी दिली नाही. मला वाट द्यायला बाजूच्या काट्यांत सरकून उभी राहिली.

मी पुढे निघून गेलो.